सुलेखनावर घर चालवायचं असेल तर

कार्यशाळा संपते, ब्रश धुऊन होतात, सतरंज्या गुंडाळायला घेतल्या की एखादी मुलगी हमखास मागे रेंगाळते. "ताई, यावर घर चालतं का?" गेली चौदा वर्षं मी देवनागरी सुलेखनावरच घर चालवते आहे, त्यामुळे उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या 'हो'च्या पोटात बरंच काही दडलेलं असतं: भाव सांगणं, लिहून घेणं, पैसे मागणं, नाही म्हणणं. मला यातलं काहीच कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून जे हळूहळू कळत गेलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं सुलेखनाची आहेत. चित्र काढणाऱ्यानं किंवा मातीकाम करणाऱ्यानं त्या जागी आपलं काम ठेवून वाचावं.

सकाळी साडेसहा ते आठ हा माझा रियाजाचा वेळ. त्या वेळात गिऱ्हाइकाचं काम नाही, फोन नाही. एकच 'श्र' शंभरदा लिहायचा असेल तर तो लिहायचा. पुढे सांगितलेला सगळा व्यवहार हा दीड तास शाबूत राहावा म्हणून आहे. हिशेब नीट नसला की पैशांची ओढाताण होते, ओढाताण झाली की येईल ते काम घेतलं जातं, आणि मग पहिला बळी रियाजाचा जातो. असं होताना मी स्वतः अनुभवलं आहे.

नोकरी कधी सोडायची

घाई करू नका. दोन गोष्टी जुळल्या तरच राजीनामा लिहा: सलग सहा महिने घरखर्चाच्या निम्मे पैसे कलेतून आले पाहिजेत, आणि सहा महिन्यांचा पूर्ण घरखर्च बँकेत बाजूला पडलेला असला पाहिजे. तोवर नोकरी ही तुमच्या कलेची पहिली आश्रयदाती आहे. तिच्याबद्दल मनात कमीपणा ठेवू नका.

पायरी १: एक कोपरा निवडा

'सगळं करून देते' असं सांगणाऱ्याची आठवण कुणाला राहत नाही. अक्षरकार कमल शेडगे म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर येतात ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमधली मराठी नाटकांची नावं. नाटक पाहण्याआधी लोक त्याचं अक्षर पाहत. र. कृ. जोशींनी अक्षर संगणकात नेलं. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. दोघंही अक्षरातलेच, पण दोघांच्या वाटा किती निराळ्या!

आज मराठी सुलेखनाला काम मिळतं ते मुख्यतः इथून: लग्नपत्रिका आणि पाकिटांवरची नावं, घराच्या पाट्या, पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटक-सिनेमांची शीर्षकं, दुकानांच्या पाट्या आणि उद्योगांची बोधचिन्हं. यातल्या दुकानाच्या पाटीकडे नव्या मुलांनी जरूर बघावं. २०२२ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. तेव्हा घाईघाईत लागलेल्या कितीतरी पाट्या आज रस्त्यावर आहेत: इंग्रजी नाव डौलदार, आणि खाली मराठी संगणकातल्या कुठल्याही अक्षरात ताणून बसवलेलं. वेलांटी कापलेली, उकार दंडाला चिकटलेला. मला त्या पाट्या बघवत नाहीत, आणि त्यातच काम दडलेलं आहे हेही दिसतं.

कोपरा ठरला की त्यातली बारा कामं तयार करा. गिऱ्हाईक नसेल तर स्वतःहून करा. तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीपासून वाण्याच्या दुकानापर्यंत सहा पाट्या घ्या आणि त्या नावांचं अक्षर नव्यानं करा. मात्र मालकाचं नाव वापरत असाल तर त्याला विचारा, आणि लोकांना दाखवताना 'हे सरावासाठी स्वतःहून केलेलं काम आहे' असं स्पष्ट लिहा. माझं पहिलं पैशाचं काम असंच आलं. ज्याची पाटी सरावाला घेतली होती, त्यानंच विकत घेतली.

बारा म्हणजे बाराच. चाळीस कामं दाखवलीत तर त्यातलं सगळ्यात कच्चं काम लक्षात राहतं.

पायरी २: हाताबरोबर फाइलही पक्की करा

देवनागरीचा बोरू, म्हणजे बांबूची किंवा वेताची लेखणी, रोमन लिपीच्या उलट बाजूनं तिरका कापावा लागतो, हे जसं पहिल्या आठवड्यात शिकता, तसंच पहिल्या महिन्यात हेही शिका: कागदावरचं अक्षर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करणं, ते वेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी कडा न फाटणाऱ्या फाइलमध्ये, नेणं, कडा हातानं साफ करणं. इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केप फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. पाटीवाल्याला वीस फुटी अक्षर कापायचं असतं. त्याला मोबाइलवरचा फोटो देऊन भागत नाही. स्वयंचलित ट्रेसिंगवर, म्हणजे संगणकानं आपोआप काढलेल्या कडांवर, विसंबू नका. बोरूचा खडबडीतपणा ते गुळगुळीत करून टाकतं, आणि गिऱ्हाइकानं पैसे मोजलेले असतात त्या खडबडीतपणाचेच.

पायरी ३: आपल्या तासाचा तळ काढा

'बाकीचे किती घेतात?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: मला किती मिळाले तर मी टिकेन? वही घ्या आणि मांडा. समजा महिन्याचा घरखर्च ३५,००० रुपये. शाई, कागद, इंटरनेट, संगणकाची झीज, प्रवास मिळून ८,०००. कर आणि अडीअडचणीसाठी ७,०००. बेरीज ५०,०००.

आता तास. महिन्याचे २४ दिवस रोज सात तास बसलात तरी १६८ तास होतात. पण त्यातले निम्मे फोन, भेटी, दरपत्रकं, फाइली पाठवणं आणि पैशांचा पाठपुरावा यांत जातात. पहिल्या वर्षी मी महिनाभर प्रत्येक तासाची नोंद ठेवली तेव्हा हे कळलं. ज्यांचे पैसे मिळतात असे तास उरतात जेमतेम ८०. म्हणजे ५०,००० भागिले ८०, तासाला ६२५ रुपये. हा तुमचा तळ. याच्या खाली घेतलेल्या प्रत्येक कामाचे उरलेले पैसे तुमच्या घरातून जातात, हे लक्षात ठेवा.

एका दुकानाच्या नावाला माझे साधारण अठरा तास जातात: विचार आणि कच्ची अक्षरं आठ, निवडलेले तीन पर्याय नीट करणं चार, दुरुस्त्या तीन, फाइली तीन. म्हणजे तळ ११,२५० रुपये. लग्नाच्या पाकिटांवर नावं लिहिताना तासाला पंचवीस पाकिटं होतात, म्हणजे पाकिटाला २५ रुपये. तीनशे पाकिटांचे ७,५००. आकडे तुमचे वेगळे येतील. रीत हीच ठेवा.

पायरी ४: अक्षर एकदाच लिहिता, वापर वर्षानुवर्षं होतो

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

सुरुवातीच्या काळात एका मिठाईच्या दुकानाचं नाव मी दीड हजारात लिहून दिलं. एका दुकानाची एक पाटी, एवढंच बोलणं झालं होतं, आणि तेही तोंडी. तीन वर्षांनी एस. टी. स्टँडवर उभी असताना समोरून टेम्पो गेला. त्याच्यावर माझं अक्षर. मग ते खोक्यांवर दिसलं, पिशव्यांवर दिसलं, दुसऱ्या गावच्या शाखांवर दिसलं. त्या माणसानं माझी फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. त्याला वाटलं नाव विकत घेतलं, मला वाटलं पाटी विकली. दोघांमध्ये कागद नव्हता.

म्हणून किंमत सांगताना दोन भाग करा. पहिला भाग मेहनतीचा, म्हणजे वर काढलेला तळ. दुसरा वापराचा: कुठे, कशावर, किती काळ. मी स्वतः असं धरते: एकाच दुकानाची पाटी आणि बिलबुक असेल तर तळाच्या भावात. शाखा, वेष्टनं, जाहिराती आल्या तर अडीच पट, म्हणजे वरच्या उदाहरणात २८,१२५. सगळे हक्क कायमचे हवे असतील तर चार पट, ४५,०००. हा काही कायदा नाही, माझा अंदाज आहे. पण पट सांगता आली की घासाघीस मेहनतीवरून उठून वापरावर जाते. "बजेट कमी आहे" म्हणणाऱ्याला मग किंमत कमी करून द्यावी लागत नाही, वापर कमी करून देता येतो.

बोधचिन्हाच्या बाबतीत गिऱ्हाइकानं सगळे हक्क मागणं रास्तच आहे. उद्या त्याला ट्रेडमार्क नोंदवायचा असतो. तिथे हट्ट धरू नका, पूर्ण हक्क पूर्ण किमतीला द्या.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. साधारणपणे जो निर्माण करतो तोच पहिला मालक. पण अपवाद आहेत आणि ते कलाकारांना माहीत नसतात. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा. तसंच कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र यांचा पहिला मालकही, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा. तुमचं कुंचल्यानं केलेलं अक्षरचित्र उद्या 'चित्र' धरलं गेलं तर हाच नियम तुमच्यावर उलटू शकतो. त्यामुळे 'हक्क माझ्याकडे राहतील, अमुक वापराची परवानगी देत आहे' ही ओळ लिहून घेणं फार महत्त्वाचं.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जातात. आणि हक्क विकल्यावरही 'हे माझं काम आहे' असं सांगण्याचा, कामाची मोडतोड करून तुमची बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसली तरी हक्क असतोच. पण महत्त्वाच्या कामाची करून ठेवा, वाद झाला तर पुरावा हाताशी असतो.

पायरी ५: दरपत्रक एका पानाचं, मराठीत

इंग्रजी करारनाम्याची भाषा उतरवून घेऊ नका. माझ्या गिऱ्हाइकांतले बरेच जण मराठीत व्यवहार करणारे. त्यांना समजेल असाच कागद टिकतो. माझं दरपत्रक साधारण असं असतं:

"आपल्या दुकानाच्या नावाचं देवनागरी सुलेखन. तीन वेगवेगळे पर्याय देईन, त्यातला एक आपण निवडायचा. निवडलेल्या पर्यायात दोनदा दुरुस्ती करून देईन. त्यापुढच्या प्रत्येक दुरुस्तीला १,२०० रुपये. आगाऊ रक्कम मिळाल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत काम पूर्ण. वापर: एक दुकान, त्याची पाटी, बिलबुक आणि समाजमाध्यमं. इतर वापरासाठी वेगळी परवानगी लागेल. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली अंतिम फाइल देण्यापूर्वी. काम मध्येच थांबवल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही. न निवडलेले पर्याय माझ्याकडे राहतील. हे दर पंधरा दिवस लागू."

'अंतिम फाइल देण्यापूर्वी' हे शब्द सोडू नका. फाइल गेली की पैसे महिनोन्‌महिने रेंगाळतात. पर्याय दाखवताना लहान आकाराचा, वर आडवं स्वतःचं नाव टाकलेला नमुना पाठवा. आणि 'न निवडलेले पर्याय माझे' हे वाक्य नसेल तर एका पाटीच्या पैशात तीन पाट्या जातात.

गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर 'मान्य' असं लिहिलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. पण सहीचा कागद मागायला संकोचू नका. ज्याला पैसे द्यायचे असतात तो सही करतो.

पायरी ६: नाही म्हणण्याची वाक्यं आधीच लिहून ठेवा

समोरचा बोलत असताना आपल्याला सुचत नाही. मराठी घरात वाढलेल्यांना पैशाचं बोलणं जड जातं, त्यातही ओळखीच्यांत. म्हणून मी ही वाक्यं फोनमध्ये साठवून ठेवली आहेत.

"दोन मिनिटांचं तर काम आहे, ताई" याला: "लिहायला दोन मिनिटं लागतात, दादा; ते दोन मिनिटांत यावं म्हणून रोज दीड तास बसते. माझा दर असा आहे."

"आधी एक नमुना करून पाठवा, आवडला तर बघू" याला: "आधी केलेली बारा कामं पाठवते, त्यावरून अंदाज येईल. तुमच्या नावाचं काम आगाऊ रक्कम आली की सुरू करते."

"नाव होईल तुमचं" याला: "नाव तर द्याच, पण मानधनाबरोबर."

नातेवाइकांसाठी मी वेगळा नियम केला आहे. वर्षातून चार कामं आहेर म्हणून, पूर्ण मनापासून, एक पैसाही न घेता. पाचवं काम पूर्ण दरानं. अर्ध्या दराचं काम कुणालाच करत नाही, कारण त्यात प्रेमही राहत नाही आणि व्यवहारही. आत्याच्या मुलीची पत्रिका आहेरात केली तेव्हा तिला मूळ दराचं बिल करून त्याखाली 'आहेर' लिहून दिलं. ते तिनं जपून ठेवलं आहे, आणि त्यावरूनच तिच्या सासरच्या दोन पत्रिका पूर्ण दरानं आल्या.

पायरी ७: सरकारी कागद, एका आठवड्यात

यात कुणाला मोठी फी देऊ नका. कामासाठी वेगळं बँक खातं उघडा. घरचे आणि कामाचे पैसे एकत्र असले की नफा कधीच कळत नाही. एकट्यानं किंवा मोजक्या माणसांनिशी काम करत असाल तर शॉप अ‍ॅक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि चालू खात्यासाठी बँक बहुधा तीच मागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते. पैसे मागणारी तशीच दिसणारी संकेतस्थळं आहेत, ती टाळा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. वस्तू परराज्यात किंवा ऑनलाइन विकणार असाल तर नियम वेगळे आहेत, तेवढं सीएला विचारून घ्या. कंपन्या पैसे देताना टीडीएस, म्हणजे तुमच्या आयकरापोटी काही रक्कम, कापतात. तो विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, त्यामुळे उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरा.

उद्यमचा खरा उपयोग थकलेल्या पैशांसाठी. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या दराच्या) तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, असे पैसे मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा. एका जाहिरात संस्थेकडे माझे सात महिने अडकलेले पैसे, बिलावर हा क्रमांक आणि कायद्याचा एक ओळीचा उल्लेख घालून पुन्हा पाठवल्यावर अकरा दिवसांत आले. तक्रार करायची वेळच आली नाही.

पायरी ८: वर्षाचं पंचांग मांडा

आमच्या कामाला हंगाम आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गडबड सुरू होते, पण त्या पत्रिकांचं काम ठरतं गणपती-दसऱ्याच्या सुमारास. नवी दुकानं पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला उघडतात. पाट्यांसाठी त्याच्या दोन महिने आधी भेटायला जा. दिवाळी अंकांचे संपादक मुखपृष्ठाचा विचार पावसाळ्याच्या तोंडाशी करू लागतात, सप्टेंबरात गेलात तर उशीर झालेला असतो. पितृपंधरवड्यात नवं काम कुणी देत नाही. त्या पंधरवड्यात मी वर्षाच्या फाइली लावते आणि दरांचा फेरविचार करते.

पावसाळ्याचे दोन महिने पैशाला कोरडे जातात. ते मी कार्यशाळांसाठी ठेवले आहेत. पंधरा जणांची दोन दिवसांची कार्यशाळा. सभागृह, साहित्य आणि चहा-नाश्त्याचा खर्च आठ जणांच्या शुल्कात निघाला पाहिजे असं शुल्क धरते. आठ नावं आली नाहीत तर आठवडाभर आधी पैसे परत करून रद्द करते.

पायरी ९: छापील वस्तूंचा मोह

दैनंदिनी, कप, चौकटीतले सुविचार. प्रत्येक सुलेखनकाराला वाटतं की एकदा छापलं की झोपेतही पैसे येतील. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला, तोच पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची देवादिकांची चित्रं घराघरांत पोचली, आजही जुन्या वाड्यांत सापडतात. पण छापखान्यानं कर्जाचा डोंगर उभा केला आणि तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. मागणी प्रचंड असूनही भांडवल यंत्रांत, कागदात आणि माणसांत अडकतं.

माझ्या पहिल्या दिनदर्शिकेच्या पाचशे प्रती छापल्या होत्या. मकरसंक्रांतीनंतर १८० घरात उरल्या, आणि जानेवारी उलटल्यावर दिनदर्शिका कुणी घेत नाही. दुकानात ठेवायला द्याल तर विक्रीतले तीस ते चाळीस टक्के दुकानदार मागतो. तो हिशेब किमतीत आधीच धरा, आणि न विकलेला माल कोण परत नेणार हे लिहून घ्या. आता मी नवरात्रात नमुन्याचं एक पान लोकांना दाखवते आणि पैसे घेऊन नोंदणी करते. शंभर नोंदण्या झाल्या की छपाईला देते, आणि वर फक्त वीस प्रती जास्तीच्या काढते. गेल्या वर्षी नोंदणी ६२ वरच थांबली. सगळ्यांचे पैसे परत केले, आणि त्या बारा पानांतलं कार्तिकाचं पान एका प्रकाशकाला मुखपृष्ठासाठी दिलं.